हार्ड डिस्क बदलताय? आधी उधारीचा हिशोब वाचवा!

लॅपटॉप सुरू होईपर्यंत चहा पिऊन होतो? मग नवा लॅपटॉप घेण्याआधी जुन्या हार्ड डिस्कच्या जागी २.५ इंची साटा एसएसडी बसते का, ते बघा.

पण थांबा! आधी टॅलीचा बॅकअप, बिलं आणि उधारीची एक्सेल शीट पेन ड्राइव्हवर घ्या. बिटलॉकर चालू असेल तर बंद करा. मग एसएसडी यूएसबी-साटा केबलने जोडून क्लोनझिला या मोफत सॉफ्टवेअरने क्लोन करा. इथेच बरेचजण फसतात: जुनी डिस्क ५०० जीबीची आणि एसएसडी ४८० ची घेतली, तर क्लोनिंग अडतं.

क्लोन झालं की लॅपटॉप बंद करून डिस्क बदला. टॅली उघडून मागच्या महिन्याची बिलं तपासा. जुनी डिस्क लगेच पुसू नका, भंगारातही देऊ नका. गिऱ्हाइकांचा हिशोब अजून तिच्यातच आहे!