अप, डाउन आणि ‘रिटर्न’

विठ्ठलवाडीहून मुंबईकडे जाणारी लोकल ‘अप’ आणि कर्जतकडे जाणारी ‘डाउन’. रेल्वेत याला दुसरा अर्थ नाही. आम्ही घरातून निघालो काय नि घरी परतलो काय, गाडीचं नाव बदलत नाही.

वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमधल्या कॉमेंट आणि दस्तऐवज तपासणं हे माझं काम. तिथे हा अर्थ पहिल्यांदा निसटतो. सार्वजनिक वाहतुकीची वेळापत्रकं जगभर ज्या जीटीएफएस नमुन्यात देतात, त्यात फेरीची दिशा 0 किंवा 1 अशी लिहिता येते. कुठला आकडा कुठल्या दिशेचा, हे ज्याचं त्याने ठरवायचं. म्हणजे तो अर्थ सांगायला उरते ती फक्त कॉमेंट.

एका फाइलमध्ये वरच्या कॉमेंटला ‘रिटर्न फेऱ्या वगळा’ असं होतं, खाली ‘डाउन फेऱ्या’, आणि दस्तऐवजात ‘आउटबाउंड’. तिन्ही एकच का? विठ्ठलवाडीत राहणाऱ्याला परतीची गाडी म्हणजे संध्याकाळची डाउन. मुंबईहून सुटलेली लोकल कर्जतहून परत फिरते असा विचार करणाऱ्याला परतीची म्हणजे अप. दोघंही आपापल्या जागी बरोबर, म्हणूनच हा घोळ रिव्ह्यूत कुणाच्या नजरेस येत नाही. शिवाय प्रोग्रामरसाठी ‘रिटर्न’ शब्द आधीच फंक्शनने परत दिलेल्या उत्तराला बांधलेला आहे.

दादरला डिसेंबर 2023 पर्यंत एक नंबरचे दोन फलाट होते, एक पश्चिम रेल्वेचा, एक मध्य रेल्वेचा. सांगताना ‘वेस्टर्नचा एक’ असं म्हणावं लागे. मग पश्चिमेचे क्रमांक तसेच ठेवून मध्य रेल्वेचे 8 पासून पुढे मोजले. कोडमध्येही हेच करावं लागतं, पण तिथे पाटी बदलून भागत नाही.

आधी ग्रेप चालवून प्रत्येक शब्द कुठे कुठे आलाय ते काढायचं. मग प्रत्येक जागा वाचायची. इथे घाई करणाऱ्यांचा मला राग येतो. सरसकट बदल करायला गेलं, की बसथांब्याचा ‘स्टॉप’ आणि सर्व्हर बंद करण्याचा ‘स्टॉप’ एकाच फटक्यात बदलतात. ‘स्टेशन’ आणि ‘फलाट’ हेही जीटीएफएसमध्ये वेगळे: फलाटाची नोंद स्टेशनच्या नोंदीखाली लावायची असते. कॉमेंटमध्ये दोन्हींना ‘स्टॉप’ म्हटलं, तर नव्या माणसाला गाडी नेमकी कुठे जोडायची ते कळत नाही.

शब्द निवडताना मी प्रोग्रामरांपेक्षा रेल्वेवाल्यांचं ऐकते. म्हणून ‘अप’ आणि ‘डाउन’ राहिले, बाकीचे गेले. शब्दसूचीत त्यांच्यापुढे 0 आणि 1 लिहिले, आणि व्हेरिएबलचं नाव बदललं त्याच कमिटमध्ये कॉमेंट आणि दस्तऐवजही बदलले. नंतर करू म्हटलेली कॉमेंट तशीच राहते. शाळेत निबंधात तोच शब्द पुन्हा नको म्हणून गुण कापत. दस्तऐवजात मात्र ‘फेरी’ लिहिली की दहाव्यांदाही ‘फेरी’च हवी. दुसरा शब्द दिसला की वाचणारा दुसरी वस्तू शोधू लागतो.

एकदा बाहेर गेलेलं नाव मात्र सहजी बदलता येत नाही. आधीच्या पानाचा पत्ता सांगणाऱ्या एचटीटीपी हेडरच्या ‘रेफरर’चं स्पेलिंग 1996 च्या ‘आरएफसी 1945’ या दस्तऐवजातच एक ‘आर’ गाळून छापलं गेलं, आणि सगळे ब्राउझर आजही तसंच पाठवतात. तिथे कोडमध्ये चुकीचंच स्पेलिंग ठेवायचं आणि कॉमेंटमध्ये कारण लिहायचं, नाहीतर कुणीतरी चांगल्या मनाने ते दुरुस्त करतो.

प्रवाशाला मात्र ही शिस्त लावू नये. 1996 मध्ये मुंबईच्या व्हीटी स्टेशनचं सीएसटी झालं, 2017 मध्ये सीएसएमटी. शोधचौकटीत आजही कुणी ‘व्हीटी’ लिहिलं तर गाडी सापडलीच पाहिजे. म्हणून जुनी नावं आम्ही शोधाच्या तक्त्यात ठेवली आहेत, आणि शब्दसूचीत त्यांच्यापुढे ‘फक्त शोधासाठी’ असं लिहिलं आहे.