बिनकामाचा बॅरिस्टर

पाटी लावून पक्षकारांची वाट पाहणे किती जिवावर येते, हे वकिलाच्या घरी विचारावे! हर्बर्ट अ‍ॅस्क्विथ १८७६ साली लंडनमध्ये बॅरिस्टर झाला. पण कामे येईनात. व्याख्याने देऊन, 'स्पेक्टेटर'मध्ये लेख लिहून तो संसाराला हातभार लावी. १८८६ साली तो लिबरल पक्षातर्फे पार्लमेंटात गेला.

पुढे १८८९ मध्ये, आयरिश पुढारी पार्नेलच्या नावावरील बनावट पत्रांच्या चौकशीत, ज्येष्ठ वकील रसेलने 'टाइम्स'च्या व्यवस्थापकाची उलटतपासणी ऐनवेळी त्याच्यावर सोपवली. त्या एका दुपारने नशीब उघडले! १८९२ मध्ये तो गृहमंत्री झाला, १९०८ मध्ये पंतप्रधान.

मला मात्र त्याची पत्नी हेलन आठवते. रिकाम्या दिवसांत तिने साथ दिली; १८९१ मध्ये, पाच मुले मागे ठेवून, ती विषमज्वराने गेली. वर्षभरात मंत्रिपद घरी आले. ते पाहायला ती नव्हती.