म्युझियममध्ये 'हात लावू नका' का म्हणतात?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. सूर चांगलाच वैतागलेला. म्हणाला, "ताई, मुंबईत म्युझियम बघायला गेलो होतो. बॅग बाहेर ठेवा, फ्लॅश बंद करा, इथे टेकू नका, तिथे हात लावू नका. तिकीट काढून गेलोय की शाळेत आलोय?"

प्रश्न रास्त आहे. पाटीवर नियम लिहिलेला असतो, त्याचं कारण नसतं. आमच्या कोडमध्येही असंच होतं. एखादी अट का घातली ते कुणी लिहून ठेवलं नसेल, तर पुढचा माणूस "हे कशाला?" म्हणत ती उडवून टाकतो. म्हणून आज नियम कमी आणि कारणं जास्त.

उदाहरणाला मुंबईचंच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय घेऊ. आजी-आजोबांच्या तोंडी अजून 'प्रिन्स ऑफ वेल्स'च. 1905 मध्ये पायाभरणी झाली, जॉर्ज विटेटने इमारत उभी केली, पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथे लष्करी रुग्णालय होतं, आणि लोकांसाठी संग्रहालय म्हणून ती उघडली 1922 मध्ये. आत अश्शूरी राजवाड्यातले कोरीव दगड आहेत, कागदावरची लघुचित्रं आहेत, पेंढा भरलेले प्राणी-पक्षी आहेत. छप्पर एकच, पण प्रत्येक वस्तूला धोका वेगवेगळ्या गोष्टीचा.

आधी हात. घरी पितळेची समई घासून चकचकीत केली आणि कुणी बोटं लावली, की दोन दिवसांत तिथे काळपट ठसे उमटतात, बघितलंय ना? घामात मीठ असतं, तेल असतं. त्या मिठातला क्लोराइड तांब्यावर, काशावर बसला आणि हवेत ओल असली, की धातू आतून पोखरायला लागतो. वर फिकट हिरवी भुकटी दिसते. जाणकार त्याला 'ब्रॉन्झ डिसीज' म्हणतात, आणि मुंबईच्या हवेत ओल काही वेगळी मागवावी लागत नाही. घरी आपण चिंच घेतो, परत घासतो, विषय संपला. तीनशे वर्षांच्या मूर्तीला घासलं तर डागाबरोबर धातूचा थरही जातो, आणि त्यासोबत बारीक कोरीवकाम. इथे अनडू नाही, बॅकअपही नाही.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. समोर विष्णूची किंवा देवीची मूर्ती दिसली की हात आपोआप पायांकडे जातो. यात उद्धटपणा अजिबात नाही, उलट भक्ती आहे. देवळात ते योग्यच. परळच्या बारादेवी मंदिरातलं शिवाचं प्राचीन शिल्प आजही पूजेत आहे आणि त्याची प्रतिकृती या संग्रहालयात आहे. म्हणजे एकाच शिल्पाची दोन आयुष्यं, दोन्हीकडचे रिवाज वेगळे. संग्रहालयात लांबून हात जोडावेत, एवढंच. दगडही झिजतो हो. जुन्या देवळाचा उंबरठा बघा, पायांनी कसा गुळगुळीत झालेला असतो.

आणि हात न लावण्यात तुमचाही फायदा आहे. पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या कातड्याला कीड लागू नये म्हणून पूर्वी जगभर आर्सेनिक चोळायचे. विसाव्या शतकातही बराच काळ हे चाललं. त्यामुळे एखाद्या म्युझियममध्ये जुना वाघ काचेबाहेर मोकळा उभा दिसला तरी त्याला कुरवाळायला जाऊ नका. लहान भाचरं सोबत असतील तर जास्तच सांभाळा, त्यांची बोटं लगेच तोंडात जातात.

आता प्रकाश. लघुचित्रांच्या दालनात इतका अंधार का, बिल वाचवतात का, असं मला कितीतरी जणांनी विचारलंय. कागद, कापड, जलरंग अशा नाजूक वस्तूंवर साधारण 50 लक्सच्या वर प्रकाश पडू नये, असा संग्रहालयांचा दंडक आहे. भर दुपारचं ऊन साधारण 1 लाख लक्स. थोडा हिशोब करू: रोज 8 तास, वर्षाला 300 दिवस, 50 लक्स, म्हणजे 1 लाख 20 हजार लक्स-तास. चित्राचा वर्षभराचा प्रकाश उन्हात सव्वा तासाच्या आत संपतो! ही झीज साठत जाते. रात्री दिवे बंद केले म्हणून उडालेला रंग परत येत नाही. म्हणूनच अशी चित्रं काही महिने भिंतीवर आणि मग बराच काळ अंधाऱ्या कपाटात ठेवायची पद्धत आहे.

मग फ्लॅशचं काय? माझं प्रामाणिक मत सांगते. क्षणभराच्या एका फ्लॅशने चित्राचं फारसं बिघडत नाही, ती भीती थोडी फुगवलेली आहे. तरी नियम मला पटतो. काचेवर चमक मारून बाजूच्याचं बघणं बिघडतं. रील काढताना तर मोबाईलचा टॉर्च सलग पेटलेला राहतो, त्याला क्षणभर कसं म्हणणार? तसंही फ्लॅशने काचेमागचा फोटो वाईटच येतो. फोन काचेला न टेकवता जरा तिरका धरा आणि नाइट मोड लावा. फोटोचा नियम प्रत्येक ठिकाणी निराळा असतो, तिकीट काढतानाच विचारून घ्या.

खाण्याचं दोन वाक्यांत: वेफर्सचा चुरा पडला की झुरळं येतात, उंदीर येतात. आणि एकदा आत शिरल्यावर त्यांना जुना कागद आणि लोकरही चालते.

पाठीवरच्या बॅगेबद्दल मात्र मी कडक आहे. तुम्ही वळता तेव्हा बॅग तुमच्यामागे फूटभर बाहेर असते आणि मेंदूला त्याचा पत्ता नसतो. 2015 मध्ये तैपेईत एका प्रदर्शनात 12 वर्षांचा मुलगा अडखळला आणि तोल सावरताना त्याचा हात थेट सतराव्या शतकातल्या चित्रात घुसला. 2006 मध्ये केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये एक माणूस जिन्यावर घसरला आणि चिनी बनावटीच्या तीन मोठ्या फुलदाण्या फुटल्या. दोघांपैकी कुणीही मुद्दाम केलं नव्हतं. पाटीवरचे बहुतेक नियम अशाच साध्या माणसांसाठी असतात.

दालनातला रखवालदारही याच हिशोबाने बोलत असतो. रविवारी दिवसभर तेच एक वाक्य शंभरदा म्हणणाऱ्या काकांवर "आम्हाला कळतं" म्हणून खेकसणारी माणसं मी पाहिलीत. त्यांना विचारून बघा, कुठली वस्तू बघायची राहून गेली ते तेच सांगतील.

आणि समजा, तुमच्या हातून किंवा डोळ्यांदेखत काही फुटलंच, तर पळू नका आणि तुकडे उचलून टेबलावर मांडूही नका. आहे तिथे राहू द्या, इतरांना पाय ठेवू देऊ नका आणि रखवालदाराला हाक मारा. केंब्रिजच्या फुलदाण्यांचे शेकडो तुकडे झाले होते. बारीकसारीक तुकडेसुद्धा जपून गोळा केले, म्हणूनच त्या पुन्हा जोडता आल्या.