चर्चच्या अंगणात जन्मलेले खेळ

अ‍ॅस्टन व्हिला, एव्हर्टन, मँचेस्टर सिटी, साउदॅम्प्टन, फुलहॅम. पैशांचा पूर वाहणारे हे इंग्लिश फुटबॉल क्लब. यांची जन्मपत्रिका मांडली, तर प्रत्येकाच्या पहिल्या घरात एक चर्च बसलेलं दिसतं! बर्मिंगहॅमच्या एका वेस्लियन चॅपलमधली मुलं उन्हाळ्यात क्रिकेट खेळत. हिवाळ्यात काय करायचं, या प्रश्नातून 1874 मध्ये अ‍ॅस्टन व्हिला उभा राहिला. एव्हर्टन 1878 मध्ये सुरू झाला तो सेंट डोमिंगो या मेथडिस्ट चॅपलचा संघ म्हणून. मँचेस्टर सिटीची मुळं 1880 मधल्या सेंट मार्क्स चर्चच्या संघात आहेत.

धर्मोपदेशकांना चेंडूत एवढा रस का वाटावा? त्यांच्या आधीच्या कित्येक पिढ्यांनी तर रविवारचा खेळ पाप ठरवला होता. उत्तर गिरण्यांच्या भोंग्यात आहे. 1850 च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या स्त्रियांना आणि किशोरवयीन कामगारांना शनिवारी दुपारी दोननंतर कामावर ठेवायला मनाई केली. त्यांच्याशिवाय गिरणी चालणार कशी? हळूहळू शनिवारची दुपार सगळ्यांनाच मोकळी मिळू लागली. या मोकळ्या दुपारी तरुण पोरं जाणार कुठे, तर गुत्त्यावर. त्याच सुमाराला ‘मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी’चा विचार जोर धरत होता. कमावलेलं शरीर, संघभावना आणि नियमांचा मान हीसुद्धा धर्माचीच शिकवण, असं त्याचं म्हणणं. मग चर्चने पोरांच्या हाती चेंडू दिला.

पण चेंडू देणं सोपं, तो आपल्या ताब्यात ठेवणं कठीण. बोल्टनच्या ख्राइस्ट चर्चमधल्या मुलांनी 1874 मध्ये संघ काढला. पुढे पाद्रीबाबांची ढवळाढवळ फार होऊ लागली, तेव्हा 1877 मध्ये मुलं चर्चच्या बाहेर पडली आणि ‘बोल्टन वाँडरर्स’ झाली. क्लब आजही खेळतो आहे.

फुटबॉल निदान आधीपासून होता. एका ख्रिस्ती संस्थेने तर लोकांना जमवण्यासाठी नवे खेळच घडवले! 1844 मध्ये लंडनच्या एका कापडदुकानात नोकरी करणाऱ्या जॉर्ज विल्यम्सने सोबत्यांना घेऊन वायएमसीए स्थापन केली. शहरात एकट्या पडलेल्या तरुणांसाठी प्रार्थना आणि बायबलवाचन, एवढाच मूळ बेत. अमेरिकेत तिला व्यायामशाळा जोडल्या गेल्या. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला तर व्यायामशिक्षक घडवणारी तिची शाळाच होती. तिथले शारीरिक शिक्षणाचे प्रमुख ल्यूथर गुलिक हे मिशनरी घरातले. शरीर, बुद्धी आणि आत्मा अशा तीन बाजूंचा त्रिकोण त्यांनीच वायएमसीएला दिला.

1891 च्या हिवाळ्यात गुलिक यांच्यापुढे एक पेच होता. अठरा जणांचा एक वर्ग कवायतीला पार विटला होता आणि बाहेर बर्फ होतं. छताखाली खेळता येईल असा नवा खेळ शोधण्याचं काम त्यांनी जेम्स नेस्मिथ या तीस वर्षांच्या शिक्षकावर सोपवलं. नेस्मिथ मूळचे कॅनडाचे, धर्मशास्त्र शिकून आलेले. बंद खोलीत फुटबॉल खेळवला तर हातपाय मोडणार, हे त्यांना दिसत होतं. मग त्यांनी धसमुसळेपणा येतो कुठून, याचाच शोध घेतला.

चेंडू घेऊन पळणाऱ्याला लोक पाडतात. म्हणून चेंडू हातात असताना पळायचंच नाही. समोर उभा गोल असला की चेंडू जीव खाऊन मारला जातो. म्हणून गोल आडवा, डोक्याच्या वर. आता जोर कामाचा नाही, चेंडू अलगद कमानीतून सोडावा लागतो. किती सुंदर युक्ती! हिंसा टाळण्यासाठी उपदेश नाही, फक्त भूमिती. पीच फळांच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता. आजही जगभरातली रिंग दहा फुटांवरच असते! टोपल्यांना तळ असल्यामुळे गोल झाला की चेंडू काढायला वर चढावं लागे. डिसेंबर 1891 मध्ये नऊ-नऊ जणांत बास्केटबॉलचा पहिला सामना झाला आणि एकच गोल झाला.

चारच वर्षांनी, 1895 मध्ये, जवळच्या होलिओकच्या वायएमसीएत विल्यम मॉर्गन यांनी मध्यमवयीन व्यापाऱ्यांसाठी अंगाला अंग न लागणारा खेळ शोधला, तो व्हॉलीबॉल.

वायएमसीएच्या शाखा जगभर होत्या, त्यामुळे खेळही त्याच वाटेने गेले. बास्केटबॉल 1893 मध्ये पॅरिसला, 1895 मध्ये चीनमधल्या तिआंजिनला पोचला. 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकमध्ये तो खेळला गेला, तेव्हा नेस्मिथ स्वतः हजर होते. भारतात 1920 मध्ये हॅरी क्रो बक यांनी मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं. हेच बक 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय संघाचे व्यवस्थापक होते.

या गोष्टीचा एक धागा मुंबईत नागपाड्याला येतो. मराठीत ‘ज्ञानोदय’ काढणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने 1920 च्या दशकात तिथे नागपाडा नेबरहुड हाउस उघडलं. त्याचे प्रमुख क्लिफर्ड मॅन्शार्ट हे धर्मोपदेशक. दाट वस्ती, अनेक धर्मांचे कष्टकरी लोक. त्यांच्यासाठी तिथे वाचनालय होतं, दवाखाना होता आणि खेळही होते. 1936 मध्ये याच वास्तूत समाजकार्याचं शिक्षण देणारी टाटांची संस्था सुरू झाली. तीच आजची ‘टिस’, आणि मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक. नागपाड्याच्या गल्ल्यांत बास्केटबॉल मात्र असा रुजला की मुंबईत या खेळाचं नाव निघालं की नागपाड्याचं नाव निघतंच. तिथल्या मुसलमान घरांतल्या पोरांना हा खेळ परका वाटत नाही. तो त्यांचाच आहे.

चर्चचे असे प्रयोग अजून चालू आहेत. 2004 मध्ये इंग्लंडमध्ये पोर्ट्समथजवळ ‘मेसी चर्च’, म्हणजे पसाऱ्याचं चर्च, सुरू झालं. रविवारच्या प्रार्थनेला न येणारी कुटुंबं तिथे आधी रंग, कात्री, डिंक घेऊन बसतात, मग थोडी प्रार्थना होते आणि शेवटी सगळे मिळून जेवतात. ही कल्पनाही अनेक देशांत गेली.

या सगळ्याचा हिशेब चर्चसाठी जरा विचित्र आहे. कार्यक्रम रटाळ असेल, तर लोक येत नाहीत. रंगला, तर लोक तो आपला करून टाकतात आणि यजमान मागे राहतो. बोल्टनच्या पाद्रीबाबांना हे सोसलं नाही. नेस्मिथ यांना ते जणू आधीच उमगलं होतं. धर्मोपदेशक व्हायला निघालेल्या या माणसाने लिहिलेल्या तेरा नियमांत चेंडू, टोपली, पंच, फाउल सगळं आहे, पण देवाचं नाव एकदाही येत नाही. म्हणूनच ते नियम तिआंजिनला चालले, नागपाड्यालाही चालले.