नकाशावर बाण नाही, वाराच दाखवतो वाट! सामुराईंचा ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ गेमर्सना इतका का भावतो?

ओपन-वर्ल्ड गेम म्हटला की स्क्रीनच्या कोपऱ्यात छोटा नकाशा आणि त्यावर बाण आलाच. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’मध्ये हे काहीच नाही. टचपॅडवर बोट फिरवले की वारा सुटतो, गवत झुकते आणि जायचे कुठे ते कळते. कोल्हा देवळापर्यंत नेतो, पिवळा पक्षी लपलेली जागा दाखवतो. त्यामुळे नजर नकाशावर न राहता समोरच्या दृश्यावर राहते.

कथा काय आहे?
१२७४ मध्ये मंगोल फौजा जपानच्या त्सुशिमा बेटावर उतरल्या, हा इतिहास आहे. गेमचा नायक जिन साकाई मात्र काल्पनिक आहे. शत्रूशी समोरासमोरच लढायचे, ही त्याच्या मामाची शिकवण. पण त्या पद्धतीने लढलेले सामुराई पहिल्याच लढाईत मारले जातात. मग जिन गनिमी काव्याकडे वळतो. बेट वाचवायचे की मामाचा शब्द पाळायचा, हा पेच शेवटपर्यंत सुटत नाही. अनेकांना हा गेम लक्षात राहतो तो यामुळेच.

सगळे खरे आहे का?
नाही. जिन निसर्ग पाहत हायकू रचतो. प्रत्यक्षात हा काव्यप्रकार कित्येक शतकांनंतर रुजला. हा गेम इतिहासापेक्षा सामुराई चित्रपटांच्या जवळ आहे. दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या नावाचा ब्लॅक अँड व्हाइट मोडही त्यात आहे.

त्सुशिमाला काय मिळाले?
गेम बनवला अमेरिकेतील ‘सकर पंच’ने. जुलै २०२० मध्ये तो प्लेस्टेशन ४ वर आला. त्याच वर्षी वादळात बेटावरील वातात्सुमी देवस्थानाची तोरी, म्हणजे कमान, कोसळली. दुरुस्तीसाठी ५० लाख येनचे आवाहन झाले. जमा झाले २ कोटी ७० लाखांहून अधिक. देणगीदारांत गेमचे चाहते मोठ्या संख्येने होते. २०२१ मध्ये गेमचे दिग्दर्शक नेट फॉक्स आणि जेसन कॉनेल यांना बेटाचे पर्यटनदूत करण्यात आले.

आता कुठे खेळता येईल?
प्लेस्टेशन ४, प्लेस्टेशन ५ आणि मे २०२४ पासून पीसीवर. मोबाइलवर हा गेम आलेला नाही. ‘घोस्ट ऑफ योतेई’ हा पुढचा गेम ऑक्टोबर २०२५ मध्ये आला. त्यात काळ १६०३ चा आहे आणि तलवार आत्सू या नायिकेच्या हाती आहे.