पाणी कुठे शिरलं ते आधी बघा

जुनी फोर-बाय-फोर गाडी घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न हमखास विचारतो तो 'किती चालली आहे?' हा. गाडी मारुतीची जिप्सी असो, महिंद्राची एमएम ५४० असो की लष्कराच्या लिलावातून आलेली एखादी जीप असो, गिऱ्हाईक आधी मीटर बघतं, मग इंजिनाचा आवाज ऐकतं, सायलेन्सरचा धूर बघतं. हे बघायलाच हवं, पण पंचवीस-तीस वर्षांच्या गाडीची तब्येत एवढ्याने कळत नाही. पिस्टन रिंगा, क्लच प्लेट, ब्रेक लायनर हे भाग चालण्याने झिजतात, ते झिजणार हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि झिजले की बदलता येतात. या गाड्या कायमच्या बसतात त्या बहुतेक वेळा निराळ्याच कारणाने. जिथे फक्त तेल, ग्रीस किंवा हवा असायला हवी तिथे पाणी शिरलेलं असतं आणि ते कुणी वेळेवर बघितलेलं नसतं. म्हणून माझं म्हणणं असं, की जुन्या फोर-बाय-फोरची निगा राखणं म्हणजे मुख्यतः पाण्याचा माग काढणं. सर्व्हिसिंगचं वेळापत्रक किलोमीटरवर आखलेलं असतं. या गाड्यांसाठी ते पावसाळ्यावर आखायला हवं.

जिप्सी १९८५ च्या अखेरीस आली तेव्हा तिचं इंजिन ९७० सीसीचं होतं. १९९६ मध्ये 'किंग' आली आणि ते १२९८ सीसीचं झालं. खालची रचना मात्र मूळचीच राहिली. लॅडर चेसिस, चारही चाकांना कमानपाटे, पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्सपासून सुटी बसवलेली ट्रान्सफर केस. साध्या मोटारीत तेलाच्या मोठ्या बंद पोकळ्या दोनच, इंजिनाची आणि गिअरबॉक्सची. इथे त्यात ट्रान्सफर केस, दोन डिफरन्शियल आणि पुढच्या चाकांमागचे दोन नकल यांची भर पडते, आणि त्यातल्या बऱ्याचशा पोकळ्या जमिनीपासून हात-दीड हातावर असतात. पोकळी कितीही बंद म्हटली तरी तिला श्वास घ्यावा लागतो. चालताना आतलं तेल तापतं, हवा फुगते, ती बाहेर पडायला अ‍ॅक्सलच्या डोक्यावर ब्रीदर नावाचं छोटंसं टोपण असतं. चिखल वाळून ते बुजलं की खरी अडचण सुरू होते. समजा डिफरन्शियल ८० अंश सेल्सिअसला तापलेला आहे आणि गाडी ओढ्यात उतरली. आतली हवा ३० अंशांपर्यंत निवली तर केल्विनच्या मापात ती ३५३ वरून ३०३ वर येते, म्हणजे दाब साधारण १४ टक्क्यांनी घसरतो. एवढी ओढ जवळजवळ दीड मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतकी असते. ऑइल सीलची ओठासारखी कड मुळात आतलं तेल आत ठेवण्यासाठी घडवलेली. बाहेरचं पाणी अशा ओढीने आत येऊ लागलं तर ते अडवणं तिच्या कुवतीबाहेरचं आहे. म्हणून ओढा गुडघाभरच होता, त्याने काय होणार, हे म्हणणं टिकत नाही. पाण्याच्या खोलीपेक्षा तापमानातला फरक जास्त नडतो. यावरचे उपाय स्वस्त आहेत. ब्रीदर काढून पेट्रोलने धुवायचा, किंवा त्याला रबरी पाइप जोडून तो बॉनेटखाली उंचावर न्यायचा, आणि लांबून आलेली गाडी पाण्यात घालण्यापूर्वी थोडा वेळ थांबवून निववायची.

पाणी शिरलं आहे का, हे ओळखण्याची रीत प्रत्येक मालकाने स्वतः शिकावी असं मला मनापासून वाटतं. गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा. सकाळी आधी वरचा, तेल भरायचा प्लग सैल करून बघा. तो गंजून अडकलेला असेल आणि खालचा आधी उघडलात, तर रिकामा अ‍ॅक्सल घेऊन बसावं लागेल. वरचा सुटला की खालचा प्लग अगदी हळू ढिला करा. गिअर ऑइल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे रात्रभरात पाणी तळाशी बसतं आणि प्लगच्या आट्यांतून पहिले थेंब पाण्याचेच येतात. गाडी नुकतीच फिरलेली असेल तर दोन्ही घुसळले जाऊन तेल दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसतं. प्लगला चुंबक असेल तर त्यावरची काळी, मऊ पेस्ट बोटांत चोळून पाहा. ती नेहमीची झीज. टोचणारी चकती किंवा कपचा लागला तर क्राउन-पिनियनचा दात किंवा बेअरिंग खराब होत आहे. डिफरन्शियलमध्ये दात एकमेकांवर नुसते दाबले जात नाहीत, घसरतातही. त्यांच्यामध्ये तेलाचा पापुद्रा टिकला तरच धातू धातूला लागत नाही. पाणी मिसळलं की तो पापुद्रा ठिकठिकाणी तुटतो, आणि गाडी उभी असताना तेच पाणी बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे ठिपके पाडतं. पुढे गाडी चालली की त्या ठिपक्यांतून पोलादाचे टवके उडतात आणि महिनाभरात हूं-हूं असा आवाज सुरू होतो. तेल भरतानाही डब्यावरचा वर्ग बघावा. डिफरन्शियलला जीएल-५ लागतं. तेच तेल सरसकट जुन्या गिअरबॉक्समध्ये ओतलं तर त्यातली गंधकाची द्रव्यं पितळी सिंक्रोनायझर रिंगांना त्रास देऊ शकतात. तिथे पुस्तिकेत लिहिलेलंच तेल घालावं.

जिप्सीच्या पुढच्या चाकांमागे गुळगुळीत पोकळ गोळा असतो, त्यावर नकल फिरतो आणि आत ग्रीसमध्ये बुडालेला जॉइंट असतो. गोळ्यावरून पुसत जाणारी फेल्ट आणि रबराची कडी हेच त्याचं दार. ही कडी फाटली की चिखलपाणी आत जातं आणि ते सगळ्यात खाली साचतं, म्हणजे किंगपिनच्या खालच्या बेअरिंगवर. तिथे गंज धरला की स्टिअरिंग एका विशिष्ट वेगाला जोरात थरथरू लागतं. अशा वेळी चाकं बॅलन्स करून घेतली जातात, टाय-रॉडचे एंड बदलले जातात, स्टिअरिंग डॅम्पर टाकला जातो, आणि थरथर काही दिवसांनी परत येते. गोळा कापडाने पुसून बघायला पाच मिनिटं लागतात. त्यावर ग्रीसचा पातळ, सारखा थर असेल तर ठीक. आतून पातळ तेल ओघळत असेल तर डिफरन्शियलकडचं आतलं सील गेलं आहे आणि ते तेल ग्रीस धुऊन काढत आहे.

यावर कुणी म्हणेल, मग गाडी पाण्यात घालूच नये, शेडमध्ये कव्हर घालून ठेवावी. दिसायला हा मार्ग सुरक्षित आहे, पण गाडीला तो मानवत नाही. उभ्या गाडीत दिवस-रात्रीच्या तापमानामुळे पोकळ्यांत दमट हवा ये-जा करते आणि आतल्या भिंतींवर दव धरतं. तेल खाली निथळून गेलेलं असतं, त्यामुळे वरचे दात आणि बेअरिंगं उघडी पडतात. सीलची कड कोरडी पडून कडक होते. हाताने फिरवायचे फ्री व्हील हब असलेल्या गाड्यांत आणखी एक गोष्ट घडते. हब मोकळे ठेवून गाडी रोज चालवली, तरी पुढचा डिफरन्शियल फिरतच नाही आणि त्याच्या दातांवर तेल उडत नाही. महिन्यातून एकदा हब लावून, फोर-व्हीलचा दांडा टाकून काही किलोमीटर जाणं म्हणूनच आवश्यक. ते मातीच्या रस्त्यावरच करावं. या गाड्यांत मधला डिफरन्शियल नसल्याने पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच गतीला जखडले जातात. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील, त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक असेल, तर जिप्सीच्या चाकाच्या मापाला तो ढोबळमानाने दीड टक्का होतो, म्हणजे किलोमीटरमागे १५ मीटरचा हिशेब जुळत नाही. मातीवर चाकं घसरून तो फेडतात. डांबरावर तो ताण क्रॉस आणि दात यांच्या अंगावर येतो.

पाणी प्रत्येक वेळी ओढ्यातूनच येतं असं नाही. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषतं. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंशांना उकळायला हवं असा दंडक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. आंबोली किंवा वरंधा घाट उतरताना डिस्क तापली की ऑइल उकळून वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पायाखालचा पेडल मऊ होत खाली जातो. बाटलीतून वरचेवर भर घालणं पुरेसं नाही, दोन वर्षांनी सगळं काढून नवं भरावं. पेट्रोलचंही तसंच. त्यात मिसळलेलं इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि ते मर्यादेबाहेर गेलं की पाण्यासकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. कार्बोरेटरच्या जिप्सीत रबरी नळ्या त्या काळच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आहेत. त्या बदलून घ्याव्यात आणि पावसाळाभर अर्धी रिकामी टाकी ठेवू नये. सेल्फ मारताना नुसती कट-कट आली की नवी बॅटरी घेतली जाते, पण अनेकदा दोष चेसिसला जोडलेल्या अर्थिंगच्या पट्टीखाली धरलेल्या गंजात असतो. स्टार्टर १५० अँपिअर ओढत असताना तिथे ०.०२ ओहम इतका क्षुल्लक रोध असला तरी ३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एवढी उठाठेव करण्यापेक्षा नवी गाडी घ्यावी, ती सुरक्षितही असते आणि धूरही कमी सोडते. यातलं सुरक्षिततेचं आणि धुराचं म्हणणं खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. रोज शहरात ये-जा करायला तीस वर्षांची डिझेल जीप वापरण्याचं समर्थन करता येणार नाही. पण ताडोबाच्या रस्त्यांवर किंवा कोकणातल्या वाडीवर वर्षाला थोडीच चालणारी, साध्या पान्यांनी उघडता येणारी गाडी भंगारात काढून तिच्या जागी टनभर नवं पोलाद आणणं, हाही निर्धास्त हिशेब नाही. निर्णय कुठे घ्यायचा, हे चेसिस सांगते. बाकी सगळं बदलता येतं. चेसिसची पोकळ पेटी आतून गंजते. चिखलाने निचऱ्याची भोकं बुजतात, समुद्रकाठचं मीठ पाण्याची वीज वाहण्याची क्षमता वाढवतं आणि गंजाची रासायनिक क्रिया वेगाने चालते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो जोड आतून उचकटत जातो. वरून डांबरी अंडरकोटिंग मारल्याने गाडी नवी दिसते, पण गंजावर मारलेल्या थराखाली पाणी कोंडतं आणि नुकसान नजरेआड चालू राहतं. काळं, जळकं इंजिन ऑइल फवारण्याची जुनी पद्धतही सोडावी, ते रबरी बुश फुगवतं आणि ठिबकून जमिनीत मुरतं. पावसाळा संपला की भोकं तारेने मोकळी करून आत गोड्या पाण्याचा जोरदार फवारा मारावा, आठवडाभर उन्हात वाळू द्यावं आणि मग लांब नळीच्या नोझलने आत मेणयुक्त गंजरोधक सोडावं. मागच्या कमानपाट्यांचे हँगर जिथे चेसिसला जोडले आहेत, तिथे छोट्या हातोडीने ठोकत जावं. टणक आवाज येईल तिथे पुढे सरकावं. बद्द आवाज आला किंवा पत्रा दबला तर तेवढा भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापून नव्या जाड पत्र्याचं वेल्डिंग करून घ्यावं. वरून पट्टी मारून देतो म्हणणाऱ्या कारागिराकडे ते काम देऊ नये.