मचाण की जमीन? हरणे पाहण्याआधी

- कायदा: वन्यजीव संरक्षण कायदा, 1972. कलम 9 नुसार शिकारीला बंदी. आज मचाण आणि लपण निरीक्षणापुरतेच. अभयारण्यात वनखात्याची परवानगी आवश्यक.
- मचाण: झाडावर किंवा खांबांवर बांधलेली बैठक. नजर लांबवर पोचते, माणसाचा वास बहुधा वरून जातो. धोका पडण्याचा.
- लपण: जमिनीवरचा आडोसा, बहुधा पाणवठ्याजवळ. वारा हरणाकडून आपल्याकडे वाहणारा हवा.
- माळा: पिकाच्या राखणीसाठी शेतात उभारलेले मचाण.
- ठिकाण, उदाहरणार्थ भीमगड अभयारण्य: तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव. घोषणा 2011, क्षेत्र सुमारे 190 चौ. किमी.
- ओळख: सांबर, चितळ, भेकर ही हरणे, नरांची शिंगे गळतात, पुन्हा उगवतात. काळवीट कुरंग, शिंगे कायमची.